चार बोटं राखून

“स्टेपनी मला एकटीला उतरवता येईल का?”

हा काकूंचा अकरावा प्रश्न. मी मोजत होतो. मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलेलं, शोरूमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची नवी कोरी गाडी उभी. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळाचं पाणी अजून ओलं. आणि गाडीचं सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडं.

“काकू, स्टेपनी पस्तीस किलोची हाय. तुम्ही कशाला उतरवताय? एक फोन करा, आमचा माणूस येतोय.”

“आमच्याकडं फोन लागत नाही.”

“मग रस्त्यावर कोण ना कोण भेटतंयच की.”

“आमच्या रस्त्यावर कोण नसतं. उतरवता येते का नाही, एवढंच सांग.”

मी दिगंबर मगदूम, तेव्हा एकोणतीस वर्षांचा. कोल्हापुरात हायवेलगतच्या त्या शोरूममध्ये मोठ्या गाड्यांची डिलिव्हरी मी द्यायचो. चारही चाकांना जोर देणारी, डोंगर चढणारी, पाण्यात उतरणारी गाडी. ती घेणारी माणसं मला पाठ झाली होती. पहिला प्रश्न, सनरूफ कसं उघडतं. दुसरा, गाण्याचा आवाज किती मोठा होतो. आणि त्यातल्या शंभरातल्या नव्वद गाड्या आयुष्यात डांबर सोडून खाली उतरायच्या नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे मंगल कार्यालयाच्या पार्किंगचा चढ. त्यामुळं मी पण तोंडपाठ बोलायचो, फोटो काढायचो, पेढा द्यायचो आणि सुटायचो.

ह्या काकू सुटू देईनात. कौसल्या गावडे, वय पंचावन्नच्या आसपास, चंदगडकडच्या. स्वतःचा काजू फोडायचा छोटा कारखाना. हातांना काजूच्या चिकानं काळे डाग पडलेले. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं बॉलपेननं प्रश्न लिहून आणलेले, आणि उत्तर मिळाल्याशिवाय एकावरही रेघ मारत नव्हत्या.

मी पाना आणला. मागच्या दाराची स्टेपनी उतरवून दाखवली. मग त्यांनी पदर खोचला आणि स्वतः उतरवली. गुडघ्यावर घेतली, खाली सोडली, परत चढवली. घामानं निथळल्या, पण चढवली. मग कागदावर रेघ मारली.

“बास झालं की आता, कौसल्या,” शेडच्या सावलीतून आवाज आला. “पोरगं जेवायचं थांबलंय.”

ते त्यांचे मालक, गावडे मास्तर. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले, आणि फोटोसाठी आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात देतो ती तीन फुटी पुठ्ठ्याची किल्ली त्यांच्या मांडीवर. मगाशी ती हातात देताना मला म्हणाले होते, “अहो मगदूम, एवढ्या किल्लीचं कुलूप कुठाय? ते आधी दाखवा.” मला माणूस आवडला. पायात चपला नव्हत्या, काढून बाजूला ठेवल्या होत्या, पाय सुजून टम्म झालेले. मी थंडाची बाटली पुढं केली तर हात जोडले. “माझं रेशनिंग आहे.” आणि खिशातून छोटी बाटली काढून तिच्या झाकणात पाणी ओतलं, तेवढंच प्याले. मला वाटलं, असतील एकेकाच्या सवयी.

“बारावा,” काकू म्हणाल्या. “ज्या माणसाचं पाऊल वर उचलत नाही, त्याला ह्यात चढता येईल का?”

“पायरी हाय की काकू, ही बघा.”

“ही उंच आहे.”

“मग खाली एक स्टूल ठेवायचं.”

“मागची सीट आडवी केली तर माणूस सरळ झोपेल? की पाय दुमडायला लागतील?”

“केवढा माणूस?”

“पाच फूट आठ.”

मी मास्तरांकडं बघितलं. ते हसले. “हिला मला पोत्यात घालून न्यायचंय. काजूची सवय आहे ना.”

मी पण खो खो हसलो. सीट पाडून दाखवली, टेप लावून मोजून दाखवलं. पुरतात पाय, म्हणालो. काकू हसल्या नाहीत. रेघ मारली.

“गाडी जागेवर उभी ठेवून एसी किती वेळ चालतो?”

“टाकी फुल असली तर रात्रभर चालंल. पण कशाला चालवताय?”

“लागला तर?”

“चालतोय.”

“चार चाकांचा जोर लावला की आतल्या माणसाला हिसके बसतात का?”

तेव्हा मात्र माझी सटकली. म्हटलं, काकू, गाडी घ्यायच्या आधी विचारायचं असतंय हे सगळं. आता हार घातला, नारळ फोडला, आता लगीन लागल्यावर नवरीचा पाय लंगडा हाय का विचारून काय उपयोग? मास्तर मोठ्यानं हसले आणि खोकत बसले. काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, खोकला थांबेपर्यंत. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, “हिसके बसतात का?”

“हळू सोडलं तर न्हाई बसत.” मला लाज वाटली थोडी.

मग पाण्याचा प्रश्न आला. त्यांच्या गावात, कुरणवाडीत, घर आणि बाग ओढ्याच्या पलीकडं. ओढ्यावर पूल नाही, नुसती बुटकी सिमेंटची फरशी. उन्हाळ्यात तिच्यावर पोरं गोट्या खेळतात, पावसात तिच्यावरून पाणी जातं. “किती पाण्यातून ही जाईल?”

ह्या प्रश्नासाठी मी खास होतो. जिल्ह्यात कुणी करत नव्हतं ते मी करायचो. खिशातून पिवळ्या चिकटपट्टीचं बंडल काढलं, टेपनं जमिनीपासून मोजलं आणि चालकाच्या दारावर आडवी पट्टी मारली.

“इथवर. काठी घालून पाणी मोजायचं. काठीवरचा ओला भाग ह्या पट्टीला लावून बघायचा. पट्टीच्या खाली असलं तर जायचं. वर एक बोट जरी असलं, तर गाडी घालायची न्हाई. तुमची आण हाय काकू.”

आता खरं सांगतो. पट्टी मी खरी लावायचो नाही. कंपनीच्या पुस्तकात सातशे मिलिमीटर लिहिलेलं. मी त्याच्या चार बोटं खाली लावायचो. कारण मला माणूस माहीत होता. त्याला इथवर म्हटलं की तो आणखी थोडं म्हणतोच. आणि कंपनीचा आकडा असतो साचलेल्या पाण्याचा. वाहतं पाणी आकडा वाचून येत नाही. म्हणून चार बोटं राखून. ही गोष्ट मी कुणालाच सांगायचो नाही, सांगितली तर राखून ठेवण्यात अर्थ काय?

मास्तर खुर्चीतून उठले, अनवाणी, हळूहळू पट्टीपर्यंत आले. चष्मा वर करून बघितलं.

“कंपनीचं माप हेच का?”

“हेच.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात शेजारच्या पोराचं बघून गणित लिहिलेल्या पोराकडं मास्तर बघतात ना, तसं. मग म्हणाले, “पुस्तक मराठीत आहे?”

“इंग्रजीतच येतंय मास्तर.”

“काही हरकत नाही. मी वाचून सांगेन हिला.”

मागच्या मुरमाच्या मैदानात मी त्यांना गाडी चालवायला दिली. काकू वीस वर्षं काजूची पोती भरून पिकअप चालवत होत्या. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी गिअर ओळखला. खड्ड्यातून, चढावरून अशी अलगद नेली, की मी आरशात मास्तरांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर हसू. “बघा मगदूम,” म्हणाले, “माझी बायको आहे.”

गाडी गेटमधून बाहेर पडली. मी डबा उघडला. त्या दिवशी मी बाकीच्या पोरांना त्या प्रश्नांची नक्कल करून दाखवली, हे पण सांगायला पाहिजे. मागं झोपल्यावर पाय पुरतात का हो? सगळी पोटं धरून हसली.

ऑक्टोबरात गाडी सर्व्हिसिंगला आली. सकाळी साडेनऊची वेळ. मी पट्टी बघूनच ओळखली. चिखलानं काळपट झालेली, पण दारावर तशीच. काकू एकट्याच उतरल्या.

मी आपला माझ्या ढंगात. “या काकू! काय म्हणते गाडी? आणि मास्तरांना न्हाई आणलं? कुलूप घावलं का त्यांच्या किल्लीला?”

बोलून झाल्यावर मी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. गळ्यात पण काही नव्हतं. 

“बस,” त्या म्हणाल्या. “मला तुला एक विचारायचंय.”

गिऱ्हाइकांच्या बाकावर आम्ही बसलो. चहा आला, तो त्यांनी हातात धरून ठेवला. आणि मग जुलैमधलं सगळं सांगितलं, घरातला हिशेब सांगावा तसं सरळ आवाजात.

मास्तरांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा बेळगावला न्यायचं, चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, परत आणायचं. दोन पावसाळे पिकअपमधून नेलं. फरशीवर पाणी आलं की पिकअप थांबायची, आणि एकदा पाळी चुकली की मास्तरांच्या अंगात पाणी साचायचं. म्हणून बागेचा एक तुकडा विकून ही गाडी.

स्टूल, सीट, एसी, हिसके. एक एक प्रश्न माझ्या अंगावर परत यायला लागला. मी मान खाली घातली.

“गाडी चांगली आहे,” काकू म्हणाल्या. “जूनमध्ये सात वेळा पाण्यातून नेलं. ह्यांनी फरशीच्या कडेच्या पहिल्या खुंटावर तुझ्या पट्टीच्या मापानं पिवळा रंग मारून घेतला होता. स्वतः मोजपट्टी घेऊन मोजलं, मी नुसतं धरलं. म्हणजे मला खाली उतरायलाच नको. पिवळं दिसलं की जायचं, नाही दिसलं की थांबायचं.”

“हुशार माणूस,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“जुलैत तीन दिवस धार तुटली नाही. सोमवारची पाळी चुकली. गुरुवारी सकाळी ह्यांना श्वास पुरेना. बसवलं तरी पुरेना. मी सीट पाडली, गादी घातली, गड्याला हाक मारून मागं झोपवलं. फरशीवर आले तेव्हा नऊ वाजले होते.”

त्यांनी चहाचा पेला दुसऱ्या हातात घेतला.

“पिवळं दिसत नव्हतं. काठी घातली. तीन बोटं वर होतं पाणी.”

तीन बोटं.

मी चहाचा पेला खाली ठेवला. मी चार राखून ठेवलेली. म्हणजे कंपनीच्या मापानं अजून एक बोट शिल्लक होतं.

“मी परत येऊन स्टेअरिंगवर बसले. ह्यांनी मागनं विचारलं, पट्टी काय म्हणते? मी म्हटलं तीन बोटं वर आहे, पण घालते मी. म्हणाले, नाही. मी लहान गिअर टाकला. तर हजेरी घेतात तसे म्हणाले, ‘कौसल्या गावडे, गाडी मागे घ्या.’ श्वास नव्हता, तरी तसंच म्हणाले. मी तीनदा गिअर टाकला रे. तीनदा तेच. म्हणाले, नियम म्हणजे नियम, पोरानं आण घातलीय. उतरेल पाणी, थांबू.”

“मग?”

“थांबलो. एसी लावला, ह्यांना उकडत होतं. तू म्हणालेलास चालतो, तो चालला. बराच वेळ बोलत होते. काजूला औषध कधी मारायचं, ते. मग बोलायचे थांबले. अकराला गेले.” चहाकडं बघत त्या म्हणाल्या, “साडेबाराला पिवळं दिसलं.”

वर्कशॉपात कुणीतरी हवेची नळी सोडली, फस्स करून आवाज झाला. काकू दचकल्या नाहीत.

“मागं पाय पुरतात का, विचारलेलं ना मी? पुरले.”

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं. पोरांना नक्कल करून दाखवलेला मी, बाकावर बसून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होतो, आणि ज्यांचं माणूस गेलं त्या माझ्याकडं बघत वाट बघत होत्या.

“मला एवढंच विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “पट्टी बरोबर होती का? तू मोजून लावलेलीस? मी त्या दिवशी गाडी घातली असती, तर गेली असती का?”

खरं उत्तर असं होतं, की मला माहीत नाही. साचलेलं पाणी असतं तर गेली असती. वाहत्या पाण्यात एका बोटाच्या जिवावर दोन टनांची गाडी जाते की खेळण्यासारखी वाहते, हे देवाला पण आधी सांगता येत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं. ही बाई परत जाणार, त्याच घरात, त्याच ओढ्याकाठी. आज जर मी म्हटलं की चार बोटं राखलेली होती, तर ती बाई दर पावसाळ्यात त्या खुंटासमोर उभी राहील आणि एका बोटाचा हिशेब करत राहील, मरेपर्यंत.

“बरोबर होती काकू,” मी म्हणालो. “मोजून लावलेली. कंपनीचं माप. तीन बोटं वर म्हणजे गाडी गेलीच नसती. तुम्ही दोघं पण...”

“म्हणजे मी थांबले ते बरोबर केलं?”

“एकदम बरोबर.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “बरं झालं.” चहा एका घोटात संपवला, गार झालेला. “मी महालक्ष्मीला जाऊन येते. चारपर्यंत होईल ना गाडी?”

“होईल काकू.”

त्या गेल्यावर मी स्वतः गाडी आत घेतली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, मागचा गालिचा काढून धुतला. सीटच्या फटीत त्या छोट्या बाटलीचं झाकण सापडलं. ते पुसून समोरच्या खणात ठेवायला गेलो. सर्व्हिसवर शिक्का मारायचा तर तिथली पुस्तकं काढायलाच लागतात. कंपनीचं जाड इंग्रजी पुस्तक, आणि त्याच्यासोबत शाळेची दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. वर वळणदार अक्षरात, ‘गाडी. सौ. कौसल्या वि. गावडे.’

वहीत मास्तरांनी सगळं पुस्तक मराठीत उतरवलं होतं. प्रश्न, खाली उत्तर. टायरमध्ये हवा किती? चिखलात किती? लाल दिवा लागला तर काय? पिवळा लागला तर काय? डाव्या बाजूला आकृत्या, पट्टीनं रेघा मारून. पान उलटत पाण्यापाशी आलो. ‘प्रश्न : किती पाण्यातून जावे? उत्तर : दारावरील पट्टीपर्यंत. वर एक बोटही नाही. कंपनीचे माप हेच.’

म्हणजे माझंच खोटं. शब्दाला शब्द.

मग मी इंग्रजी पुस्तकातलं ते पान काढलं. कोपरा दुमडलेला होता. सातशेच्या आकड्याखाली पेन्सिलची रेघ. आणि समासात, पेन्सिलनंच, दाबून लिहिलेलं :

‘७०० – ६२५ = ७५. म्हणजे चार बोटे. मगदूम राखून बोलतो. बरोबर करतो.’

आणि त्याच्या खाली : ‘कौसल्येस सांगू नये. सांगितले तर ती गाडी घालेल.’

मी खाली जमिनीवर बसलो. मास्तरांना माहीत होतं. खुंटाला रंग मारताना मोजलं तेव्हाच कळलं असणार. मागं गादीवर पडून, श्वास नसताना विचारलं, पट्टी काय म्हणते, आणि तीन बोटं ऐकल्यावर त्यांना कळलं होतं की अजून एक बोट आहे. गणिताचा मास्तर. तरी म्हणाले, गाडी मागे घ्या.

बायकोला त्या पाण्यात घालायची नव्हती त्यांना. एवढंच.

मला वाटलं, हे काकूंच्या नजरेला पडलं तर मेलो. मी सकाळी काय सांगितलं आणि इथं काय लिहिलंय. त्यांच्या जिवाला आत्ता कुठं थोडा थारा मिळालाय. मी उठलो, पुढं काउंटरवर गेलो, खोडरबर मागितला. आणि त्या शेडमध्ये, गाडीच्या पुढच्या सीटवर बसून, मी मास्तरांच्या त्या ओळी खोडल्या. दाबून लिहिलेलं होतं, वेळ लागला. कागद थोडा खरवडला. फुंकर मारून भुगा उडवला. पुस्तक खणात ठेवलं, वर वही, वर ते बाटलीचं झाकण. फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

चार वाजता काकू आल्या. ओंजळीत प्रसादाची पुडी, ती माझ्या हातावर ठेवली. बिल दिलं. गाडीत बसल्या, आणि किल्ली फिरवायच्या आधी हात लांब करून तो खण उघडला. झाकण दिसलं, ते हातात घेतलं, जरा वेळ धरलं. मग इंग्रजी पुस्तक काढलं आणि सरळ त्याच पानावर उघडलं.

मी खिडकीशी उभा होतो. 

त्यांनी समासावरून बोट फिरवलं. वर, खाली. परत.

“हे तू केलंस?”

“काकू, मला वाटलं... तुम्हाला त्रास नको म्हणून...”

“मी वाचलं होतं रे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. इन्शुरन्सचा कागद हुडकताना.”

“मग सकाळी मला कशाला विचारलंत?”

“बघायचं होतं, तू खरं सांगतोस का.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आणि खोटं कशाला बोलू, तू बरोबर होती म्हणालास तेव्हा घटकाभर बरं वाटलं. वाटलं, खरंच गेली नसेल गाडी. देवळाच्या पायऱ्या चढेपर्यंत बरं वाटत होतं.”

“काकू, मला माफ करा.”

“पण तू म्हणतोस तसं असतं, तर मला पाण्यानं अडवलं असतं. पाण्यानं नाही अडवलं. ह्यांनी अडवलं.” त्या समोर बघत होत्या, काचेतून, कुठंतरी. “अडतीस वर्षं संसार केला. तू मला पाहिजेस, असं एकदा तोंडानं म्हणाले नाहीत. मास्तर माणूस, लाजायचे. सगळं गणितात बोलायचे. ती एक ओळ होती, सांगितलं तर ती घालेल. माझ्याकडं तेवढंच लेखी होतं रे, बाबा.”

मी खिडकीच्या कडेला धरलं आणि ढसाढसा रडलो. वर्कशॉपातली पोरं बघत राहिली. काकूंनी आतून हात काढून माझ्या मनगटावर ठेवला.

“तू वाईट नाहीस,” म्हणाल्या. “राखून ठेवायची खोड आहे तुला. ह्यांना पण होती.”

मग त्यांनी पुस्तक उचललं, उतरत्या उन्हाकडं तिरकं धरलं. डोळे बारीक केले. मी पण वाकून बघितलं. पेन्सिल गेली होती, पण कागदात चर राहिले होते. दाबून लिहायचे मास्तर. त्या उन्हात सातशेतला सात दिसला, आणि खाली ‘कौ’ची मात्रा. पुढचं मला दिसलं नाही. त्यांना दिसलं की नाही, मी विचारलं नाही. त्यांचे ओठ हलत होते.

पुस्तक त्यांनी पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं, आणि गाडी बाहेर काढली. पिवळी पट्टी दारावर तशीच होती. मी काढू का म्हणून विचारलं होतं, नको म्हणाल्या.

ह्याला आता सोळा वर्षं झाली. शोरूम सोडून मी स्वतःचं गॅरेज टाकलं. पट्टी मारायची बंद केली. मोठी गाडी घेऊन कुणी आलं आणि पाण्याचं विचारलं तर पुस्तकातला आकडा सांगतो, तो साचलेल्या पाण्याचा आहे म्हणून सांगतो, वाहत्या पाण्यात गाडी घालू नका म्हणून हात जोडतो, आणि मागं कोण झोपणार आहे का, तेही विचारतो. त्यावर लोक हसतात. मी हसत नाही.

काकू दर ऑक्टोबरात गाडी घेऊन येतात, अजून स्वतः चालवत. येताना किलोभर काजू आणतात, पैसे घेत नाहीत. शिक्क्यासाठी मी खण उघडतो. ती वही असते, बाटलीचं झाकण असतं. इंग्रजी पुस्तक मात्र त्या दिवसापासून परत गाडीत दिसलं नाही.